करवंदाची दारू

आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर पत्रक मिळायचं. आई चहाचं आधण ठेवायची आणि मी आतल्या खोलीतला गठ्ठा सोडायची. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. 'बायांनो, उठा' हे माझं पहिलं सलग वाचलेलं वाक्य. कोकणातल्या आमच्या गावात आईने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी दारूचं दुकान बंद पाडलं, ते मतदान करून. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावात आडवी जिंकली. त्या दिवसांत मी भिंतींवर गेरूने इतक्या आडव्या बाटल्या काढल्या की मला उभी बाटली नीट काढताच येत नाही.

यंदा त्या दुकानदाराच्या मुलाने नवी टूम काढली. दुकान पुन्हा उघडायचं, पण त्यात फक्त वाइन ठेवायची. "वाइन म्हणजे दारू नव्हे हो, फळांचा रस," असं तो घरोघर सांगत फिरत होता आणि गावातली शिकलेली माणसंही मान डोलवायला लागली होती. ग्रामसभेत विषय येणार होता. आईने पत्रक लिहिलं आणि मी इथे दुबईत ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्यातल्या चुका काढल्या. मथळा आईचाच होता: 'वाइन हीसुद्धा दारूच.' पत्रक गावभर वाटून झालं. सभेला अजून अवकाश होता, म्हणून आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली.

मी सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते. टॉवर, पार्किंग, ऑफिसं, पुन्हा टॉवर. आईला दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं, म्हणून संध्याकाळी नुसतं चालायला न्यायची. एका पार्किंगच्या कडेने दाट, काटेरी कुंपण लावलेलं आहे. त्याच्या शेजारून मी रोज जाते. आई तिथे थबकली, वाकली आणि ओरडलीच.

"अगं, करवंदं!"

"आई, ही लाल आहेत."

"लाल आहेत, मोठी आहेत, पण आहेत करवंदंच. काटा बघ, चीक बघ. दुबईत आल्यावर तुझ्यासारखी तीही फुगलीत."

तिने दोन तोडली तेवढ्यात वॉचमन धावत आला. "अम्मा, मत तोडो. ये शो का है. जहर होता है."

आईने एक फळ पदराला पुसलं, तोंडात टाकलं आणि त्याच्याकडे बघत बघत सावकाश चावून खाल्लं. "देखा? जिंदा है. हमारे गाव में बच्चा लोग खाता है."

तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, झाड को हाथ नहीं. नीचे गिरा है वो ले जाओ. खलास."

तेव्हापासून आम्ही पडलेली करवंदं वेचायला जायला लागलो. सुटाबुटातली माणसं गाडीतून उतरून बघायची. दोन बायका, एक नऊवारीत, पार्किंगमध्ये ओणव्या. मी सुरुवातीला जरा अंग चोरायची. आई म्हणाली, "चोरी करतोय का आपण? सडून जाणारं उचलतोय. ताठ उभी राहा." वेचायचं असेल तर ताठ कसं उभं राहायचं, हे मात्र तिने सांगितलं नाही.

आमच्याकडे कोकमाचे रातांबे आणि साखर थराथराने बरणीत भरून उन्हात ठेवतात. साखर विरघळते, रस सुटतो आणि वर्षभराचं सरबत होतं. आईने करवंदांचं तेच करायचं ठरवलं. बर दुबई या जुन्या वस्तीत देवदर्शनाला गेलो तेव्हा मीना बाजाराच्या गल्लीतून मोठी काचेची बरणी आणली. पण साखर घालताना तिचा हात आखडला. "एवढी साखर कोण खातं? तुम्ही इथे नुसतं बसून असता." तिने निम्मीच घातली, तोंडाला धोतराचं फडकं बांधलं आणि बरणी बाल्कनीत ठेवली.

फळं जमिनीवर पडून पिकलेली, साखर कमी आणि ऊन दुबईचं. काय होणार ते आता कोणीही सांगेल. तेव्हा आम्हाला कळलं नाही. आई रोज बोट बुडवून चाखायची. "चुणचुणतंय जरा," ती म्हणायची, "जिरं घालू." फेस आला तो तिने चमच्याने काढला. जन्मभर हातभट्ट्या शोधत हिंडलेली बाई, तिला वास कसा आला नाही, असं कोणी विचारेल. तिला ठाऊक होता तो नवसागराचा वास, सडक्या गुळाचा वास, पिऊन आलेल्या नवऱ्याच्या शर्टाचा वास. या बरणीला पिकलेल्या रानाचा वास येत होता.

रविवारी समोरच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या दादा-वहिनींना जेवायला बोलावलं होतं. आईने रस गाळून पेल्यांत ओतला आणि वर जिरेपूड भुरभुरली. दादांनी मोठा घोट घेतला आणि पेला डोळ्यांसमोर धरला.

"काकू, रागावू नका, पण यात घातलंय काय?"

"साखर. मीठ. जिरं."

दादांनी आणखी एक घोट घेतला. "यल्ला! काकू, ही वाइन आहे. एकदम क्लास! होममेड, ऑरगॅनिक!"

वहिनींनी उचललेला पेला तसाच खाली ठेवला. आईने स्वतःचा पेला नाकाशी नेला. इतके दिवस बोटभर चाखत होती, आता पहिल्यांदा तिने मुद्दाम वास घेतला. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला.

"ही दारू आहे," ती म्हणाली.

"दारू काय काकू! वाइन म्हणा. दारू म्हणजे ते देशी, खंबा वगैरे."

"गवंड्याने प्यायली की दारू आणि तुम्ही प्यायलात की वाइन?"

दादा खो खो हसले आणि त्यांनी फोन काढला. "काकू, बरणी धरा हातात. मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. आडव्या बाटलीवाल्या बाईंची उभी बाटली!"

"अहो, फोन ठेवा खाली," वहिनी म्हणाल्या.

"काढा दादा, फोटो काढा," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "फक्त खाली वाइन लिहू नका. दारू लिहा. आणि ती पहिल्यांदा कोणी ढोसली तेही लिहा."

"तू तर भडकलीसच! गंमत करत होतो गं." दादांनी फोन उपडा ठेवला आणि आवाज उतरवला. "पण सीरियसली सांगतो. इथे घरात असलं करणं गुन्हा आहे. नोकरी जाईल, व्हिसा जाईल. सिंकमध्ये ओता. कोणी विचारलं तर सरबत खराब झालं म्हणा. विषय खलास."

ते दोघं गेल्यावर आई बराच वेळ बरणीकडे बघत बसली. गावात ग्रामसभा व्हायची होती. तिच्या शब्दावर घरचा मार खाऊन उभ्या राहिलेल्या बायका होत्या. दुकानदाराच्या मुलाला ही बरणी कळली, तर त्याला दुसरं काही बोलायची गरजच उरणार नव्हती.

"ते बरोबर म्हणतायत," आई म्हणाली. "सरबत खराब झालं. झालंच की खराब."

आईच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं.

"मग त्या पोराचं काय चुकलं?" मी म्हणाले. "तो दारूला फळांचा रस म्हणतो. आपण खराब सरबत म्हणायचं. मथळा बदलून टाकू पत्रकाचा."

"तुला कळत नाही. मी तिथे एकटी नाही. माझ्यामागे बायका आहेत."

"त्यांना दादांच्या ग्रुपवरून कळू दे का? त्यांचं हसू आवरणार आहे थोडंच. तुझ्या तोंडून कळलं तर निदान शब्द तुझा असेल."

आई उठली, बरणी स्वयंपाकघरात नेली आणि सिंकच्या कडेवर ठेवली. ती तिरकी करणार तेवढ्यात मी पेला पुढे केला.

"हे काय?"

"मला प्यायची आहे."

"वेड लागलंय?"

"जन्मभर हिच्याविरुद्ध पत्रकं वाटली. कशाविरुद्ध ते मला माहीत असायला नको?"

"विष पिऊन बघायचं असतं का?"

"विष तर वॉचमनसुद्धा म्हणत होता."

मी पेला भरला आणि प्यायले. सगळा. आई बघत राहिली. हातातली बरणी कलून सिंकमध्ये लाल धार पडत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कशी आहे?" तिने शेवटी विचारलं.

"आंबट. छान आहे."

"छान असणारच," ती चिडून म्हणाली. "वाईट असती तर आम्हाला इतकी वर्षं भांडावं लागलं असतं?"

मग तिने पदराने हात पुसले आणि फोन मागितला. गावातल्या बायकांच्या ग्रुपवर तिचा आवाज जायचा होता. तिथून तो संध्याकाळपर्यंत दुकानदाराच्या घरी पोचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने घसा साफ केला. सभेत करते तसा.

"बायांनो, मी दुबईत करवंदाचं सरबत घातलं होतं. त्याची दारू झाली. वाइन नाही, दारू. फळांचाच रस होता, तरी झाली. माझ्या हाताने झाली, माझ्या हाताने ओतली. रसाची दारू कशी होते हे आता मला कोणाकडून ऐकायचं नाही. सभेत कोणी बोललं, तर हेच सांगा."

तिने बटणावरचं बोट उचललं, निरोप गेला. मी म्हणाले, "अर्धंच सांगितलंस."

"काय राहिलं?"

"मी प्यायले ते."

"ते नाही घालायचं." हा आवाज सभेतला नव्हता. "तू पोरगी आहेस. एकटी राहतेस, परदेशात. गावाला तेवढंच पुरे. माझं मी बघेन, तुला त्यात ओढणार नाही."

"माझं लग्न जमणार नाही म्हणून?"

"नावं ठेवतील."

"तुला ठेवली नव्हती? दादा दोन घोट प्यायले. ते उद्या सगळीकडे हसत सांगतील आणि त्यांना कोणी काही म्हणणार नाही. मी एक पेला प्यायले, तर तो लपवायचा? मग आपलं भांडण दारूशी नाहीच आई. बाई प्यायली याच्याशी आहे. पुरुषाने प्यावी, बाईने नाही, हेच दुकानदाराच्या पोराचंही म्हणणं आहे, फक्त तो मोठ्याने बोलत नाही."

आई खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ती फोन बंद करून ठेवेल. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी माझ्या हातून एखाद्या पत्रकात काना-मात्रा सुटली की बघायची तशी. मग तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

"तुझं तू बोल. मी तुझ्या वतीने बोलणार नाही."

मी बटण दाबलं. गावातल्या एकेकीचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. माझी मावशी, शाळेतल्या बाई, पोस्टाजवळची काकू.

"मी बोलतेय, हिची मोठी मुलगी," मी म्हणाले. "आई दारू ओतत होती, तेव्हा त्यातली मी थोडी चाखली…"

आईने हात पुढे करून माझं बटणावरचं बोट बाजूला ओढलं आणि तो निरोप रद्द केला.

"चाखली नाही," ती म्हणाली. "पेलाभर प्यायलीस. पुन्हा बोल."

मी पुन्हा बोलले.