खुडूक कोंबडी आणि स्टिअरिंगचा रॅक

सुप्याच्या एमआयडीसीकडं वळायच्या आधी झुंबरबाई साळव्यांचं भंगाराचं दुकान लागतं. बाई साठीच्या. नवरा गेल्यावर दिरांनी सांगितलं, दुकान विकून घरी बसा. बाईंनी दिरांनाच घरी बसवलं. इंग्रजीचं अक्षर वाचता येत नाही, पण पार्ट हातात दिला की कुठल्या गाडीचा ते सांगतात, आणि गाडी कशी हाणली होती तेही.

गेल्या डिसेंबरात नगरहून डॉक्टर तुषार कानडे आले. डॉक्टर दातांचे, पण जीव सगळा उघड्या टपाच्या, दोनच माणसांच्या, साठ वर्षांपूर्वीच्या लाल ट्रायम्फ मोटारीवर. जुन्या गाड्यांच्या रॅलीत ती घाटाघाटांतून पळवून त्यांनी स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दांडी, पार खिळखिळा केला होता. विलायतेहून मागवलेला निघाला डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा, इथं बिनकामाचा. पुढची रॅली नऊ दिवसांवर आलेली.

बाईंनी जुना रॅक उलटासुलटा करून पाहिला. "हेराल्डला बी ह्योच बसतो. माझ्याकडं हाय."

आवाराच्या कोपऱ्यात विटांवर एक हेराल्ड, ट्रायम्फचीच जुनी भावंड गाडी, उभी होती. इंजिन नाही, चाकं नाहीत. डॉक्टर बॉनेट उघडणार तोच बाई ओरडल्या, "हात लावू नका! आत कोंबडी बसलीय."

"मग उठवा की."

"खुडूक हाय. चौदा अंडी हायेत खाली. उठली तर गार पडतील. सतरा दिसांनी या."

"अहो बाई, रॅली आहे!"

"तिला सांगा जाऊन."

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कोंबड्या आणून देतो. बाईंनी असं पाहिलं, की ते स्वतःच्याच पेशंटसारखे तोंड उघडं टाकून उभे राहिले.

शेवटी बाईंनीच तोड काढली. बॉनेट उघडायचं नाही, हातोडा मारायचा नाही. चाकाच्या पोकळीतून हात घालायचा. डॉक्टर इस्त्रीच्या शर्टानिशी कोंबड्यांच्या घाणीत उताणे झाले. बाई शेजारी पाटावर.

"हिसका नगा देऊ. दाढ बी अशीच वढता व्हय?"

तीन तास गेले. मनगटावर सात चोची बसल्या. रॅक बाहेर आला तेव्हा कोंबडी जागची हलली नव्हती आणि डॉक्टर घाणीत पडूनच हसत होते.

रॅलीत गाडी झकास वळली. डॉक्टर मात्र रस्ता चुकले आणि अकरांत आठवे आले. परतताना ते थेट दुकानापुढं थांबले. "चला बाई, चक्कर मारू."

बाईंनी पदर डोक्याला घट्ट गुंडाळला नि शेजारी बसल्या. "छत कुणाला विकलं?" गाडी पुणे रस्त्याला लागली. "पळवा की जरा! म्हातारी बसलीय म्हणून बैलगाडी करू नका."

जातेगाव घाटापर्यंत त्या वळणावळणाला ओरडत होत्या. दुकानापाशी उतरल्यावर त्यांनी गरम बॉनेटवर हात ठेवला.

"चाळीस वरसं गाड्या फोडते मी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं येती ती मेलेलीच येती. असली जित्ती आज पयल्यांदा बघितली."