टायर आधी कुणी दिले

माझ्या बहिणीचा, वांडाचा, नवरा व्हर्जिल टॅकेट चांगला माणूस आहे, हे मी आत्ताच सांगून टाकते; पुढे सांगायला जागा मिळणार नाही. आमच्या सॉल्ट फोर्क गावात त्याचं टायरचं दुकान आहे. धंदा सचोटीने करतो. बाकी सगळा जीव गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये आणि डेन्झिल रॅटलिफच्या मत्सरात.

डेन्झिल गाड्या विकतो. सामन्यांना त्याची खुर्ची खेळाडूंच्या बाकाच्या थेट मागे आणि व्हर्जिलची त्याच्या मागे. म्हणजे व्हर्जिलने आयुष्यभर बास्केटबॉल पाहिला तो डेन्झिलच्या टकलावरून. कोच डेन्झिलशी हात मिळवायचा, व्हर्जिलला नुसती मान हलवायचा. त्या मानेचा राग घरी आल्यावर वांडाने ऐकायचा.

मग जार्विस पेटवे आला. लुईव्हिल शहरातला खेळाडू पोरगा, मोठमोठ्या कॉलेजांना नकार देऊन आमच्याकडे. का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्याच्या आईला, लटोन्याला, डेन्झिलने एक घर फुकट राहायला दिलं होतं. नियमाने संघाच्या चाहत्याने खेळाडूच्या घरच्यांना साधं जेवणही घालायचं नाही. पण आमच्याकडे अशी कामं गुपचूप होतात, आणि रविवारी चर्चमध्ये त्याच संघासाठी प्रार्थनाही होते.

सामान घेऊन येताना लटोन्याच्या गाडीचा टायर नेमका व्हर्जिलच्या दुकानासमोर फुटला. त्याने चारही नवे घातले, पैसे घेतले नाहीत.

"मिस्टर व्हर्जिल, यात काही वावगं नाही ना?" तिने विचारलं.

"मी बोलत नाही, तू बोलू नकोस."

त्या वर्षी आम्ही अजिंक्यपद जिंकलो. सामन्यांच्या हॉलच्या छताला विजयाचा झेंडा लागला. पण जार्विस प्रत्येक बास्केटनंतर बोट दाखवायचा ते डेन्झिलकडे.

"टायर आधी माझे होते, बर्निस," व्हर्जिल मला म्हणायचा. "घर नंतर."

"मग काय, पोराने टायरकडे बोट दाखवावं?"



पुढे कॉलेजच्या खेळांचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेकडून चौकशी करणारे दोघे टाय लावून आले आणि अख्खं गाव मुकं झालं. न्हाव्याला काही आठवेना. हॉटेलातली वाढपीण म्हणाली, बास्केटबॉल म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. डेन्झिलने घर आधीच चुलतभावाच्या नावावर केलेलं. बिचारे रिकाम्या हाताने निघाले होते. जाता जाता व्हर्जिलच्या दुकानात शिरले, तेव्हा मी तिथेच पंक्चर काढून घेत होते.

"पेटवे कुटुंबाला इथे आणलं ते सगळं एकट्या रॅटलिफनी, असं ऐकलंय," त्यातला एक म्हणाला.

व्हर्जिलची मान लाल झाली. "सगळं? एकट्याने? लटोन्या गावात शिरली तेव्हा गाडीला टायर कुणाचे होते? विचारा तिला."

मी त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय काय देतेस, बर्निस? खरं ते खरं. डेन्झिलच्या आधी मी दिलंय."

टायर कुठल्या कंपनीचे तेही त्याने सांगितलं. इतका खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

जार्विसला खेळायला बंदी झाली. जिंकलेले सामने रद्द झाले, झेंडा उतरवला. व्हर्जिलला सामन्यांना यायची कायमची मनाई. डेन्झिलवर काहीच शाबीत झालं नाही. तो अजून तिथेच बसतो आणि व्हर्जिलच्या खुर्चीवर आता डेन्झिलचा जावई बसतो. व्हर्जिल दुकानात रेडिओवर सामने ऐकतो आणि निवेदकाने डेन्झिलचं नाव घेतलं की बंद करतो.

हिवाळ्यात एका दुपारी लटोन्या आली. गाडीतून ते चार टायर काढून तिने एकेक करून आत ढकलले.

"घ्या तुमचे. पोरगा गोदामात खोकी उचलतो आता. एवढे महिने गप्प राहिलात, आणखी एक दिवस राहवलं नाही?"

व्हर्जिलने टोपी काढली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून बाहेर गाडीकडे गेली.

"हे नवे कुणी घातले?"

"मिस्टर डेन्झिलनी. जार्विस आता खेळत नाही. आता कुणीही दिले तरी चालतं."

व्हर्जिल त्या परत आलेल्या टायरवरच बसला.

"मग मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.