निमगावचे पोहे

चहा आधी खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझा पहिला कांदेपोह्यांचा कार्यक्रम कसा पार पडला ते सांगतो. 'पार पडला' तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

मी वर्ध्याचा. हेलिकॉप्टर दुरुस्तीचं शिकलो आणि नवाकोरा इंजिनिअर म्हणून बारामतीला लागलो. आईला वाटलं, पोरगं आभाळात गेलं. आभाळात जायचं हेलिकॉप्टर! पोरगं खाली, हातात पाना घेऊन, ते परत यायची वाट बघत.

गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. खानावळवाला विचारायचा, "हितंच का पार्सल?" दिवसभरातलं माझं सगळ्यात लांबलचक संभाषण हेच. मी मुद्दाम "इथंच" म्हणायचो. वाटायचं, समोर कुणीतरी येऊन बसेल. बसायचं नाही कुणी.

एकदा दुरुस्तीनंतरच्या चाचणीला पायलटबरोबर मीही उडालो. निमगाव केतकीच्या वर आलो आणि गिअरबॉक्सचा धोक्याचा दिवा लागला! पायलटनी हेलिकॉप्टर अलगद एका मोकळ्या रानात उतरवलं. "पार्ट उद्या येईल. तू राखण कर," म्हणाले आणि गाडी मागवून निघून गेले.

उरलो मी, हेलिकॉप्टर आणि चारी बाजूंनी डाळिंबं.

अख्खं गाव आलं, फोटो काढून गेलं. फोटोत मी येतोय म्हटल्यावर लोक मलाच "जरा बाजूला व्हा" म्हणत होते. दिवस मावळताना रानाचे मालक, तात्या, डबा घेऊन आले.

"पावणं, एकलंच हाय व्हय?"

बारामतीला आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं हो!

"एकटाच आहे," मी म्हटलं.

"लगीन?"

"नाही अजून."

तात्यांनी भाकरी पुढं केली. "मग सकाळी घरी या पोहं खायला. आमच्या स्वातीच्या लग्नाचं जरा बोलायचं हाय तुमच्याशी."

आता तुम्हीच सांगा, याचा दुसरा काय अर्थ होतो? लगेच आईला फोन! तिनं तासाभरात सगळ्या आळीला सांगून टाकलं.

सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली आंघोळ केली. हेलिकॉप्टरच्या काचेत बघून भांग पाडला. अंगाला इंधनाचा वास होता, पण म्हटलं, खऱ्या इंजिनिअरला हाच वास शोभतो!

ओसरीवर तात्या, काकू आणि मुलीचे मामा. स्वाती पोहे घेऊन आली, हसली. मी बशी दोन्ही हातांनी घेतली.

मामांनी सुरुवात केली. "वय काय आसंल?"

"सव्वीस."

"आरं तिच्या! दिसत न्हाय तेवढं."

मी लाजलो.

"कुठं पडलंबिडलं न्हाय न्हवं?"

"लहानपणी एकदा. सायकलवरून."

मामांनी तात्यांकडं बघितलं. "आन् पितं लई?"

"थेंबसुद्धा नाही!"

'पोरगं पितं का' असंच विचारतायत, असं मी धरून चाललो; त्या नपुंसकलिंगानं माझा घात केला बघा!

काकूंनी दारातनं विचारलं, "आवाज लई करतं म्हनं?"

"छे छे काकू! मी अजिबात घोरत नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोह्याचा घास माझ्या तोंडात, ना आत ना बाहेर.

"घोरतं? कोन घोरतं?" तात्या म्हणाले. "आवं, आमी त्या हेलिकाप्टरचं इचारतोय! म्होरल्या महिन्यात लगीन हाय हिचं. नवरदेव त्यातनंच आला पायजे, ह्यो हिचा हट्ट! तुमी सायबास्नी सांगून जमवून द्या की."

स्वाती पदर तोंडात कोंबून आत पळाली. आतनं जो हशा उठला! आणि नेमका आईचा फोन.

"काय रे, होकार आला का?"

"आला गं," मी म्हटलं. "हेलिकॉप्टरला."

साहेबांनी परवानगी दिली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला बसवून देण्याचं काम अर्थातच माझ्याकडं. पट्टा मीच बांधला. असा आवळला, असा आवळला, की फेटा हलायला लागला.

"आवं इंजिनियर, दम कोंडला माझा!"

"सेफ्टीसाठी असतं हो," मी म्हटलं, "दाजी!"