जाऊबाईंनी आवळलेली झाकणं

आमच्या जाऊबाईंना अख्खी गल्ली ‘हवालदार’ म्हणते, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवणकामाचं दुकान त्यांचं, पण नजर पार चौकापर्यंत. कुणी पँटची लांबी कमी करायला आलं, की “आधी पाठ सरळ करून उभे राहा!” म्हणून खडसावणार आणि नंतर चहा पाजणार. मी त्यांची धाकटी जाऊ. त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करते, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणी मीच खाते.

त्या आठवड्यात नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. कुठल्याशा कारखान्याचं सांडपाणी मोठ्या पाइपात शिरलं होतं. भोंग्याची गाडी गल्लोगल्ली सांगत फिरली, की पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा पिऊ नका, टँकर येतोय. टँकर आला आणि ही झुंबड उडाली! धडधाकट माणसं बादल्या घेऊन पुढे, आणि वरच्या मजल्यांवरची म्हातारीकोतारी खिडकीतून बघताहेत. जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली, दुकानाचं शटर सताड उघडलं आणि ओरडल्या, “ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी इकडे या!”

मग काय विचारता! कापड बेतायच्या टेबलावर पाण्याचे कॅन आले. रिक्षावाला, न्हावी, शाळेच्या बाई, सगळे जिने चढायला लागले. प्रत्येक इमारतीच्या कॅनला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, म्हणजे घोळ नको. नियमही त्यांचेच. कॅन दारात ठेवायचा, बेल वाजवायची आणि पुढे पळायचं. गप्पा मारत बसायचं नाही, रिकामा कॅन दुसऱ्या दिवशी उचलायचा. आणि झाकण मात्र कुणी लावायचं नाही, ते त्या स्वतः लावणार. हाताने फिरवून झालं की वर पकडीने एक पीळ. “जिन्यात एक थेंब सांडला तर बघा!” न्हावी म्हणाला, “बाई, झाकण लावताय की फाशी देताय?” हसले सगळे, पण झाकणं तशीच लागत राहिली.

समोरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांची सख्खी थोरली बहीण राहते, एकटीच. आम्ही तिला अक्का म्हणतो. दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात अक्का कुणासमोर तरी म्हणाली होती, “धाकटी आली, पण पाहुण्यासारखी आली.” तेवढं एक वाक्य जाऊबाईंच्या काळजात रुतून बसलं. तरीही पहिल्या दिवशी सगळ्यात आधी भरला तो अक्काचाच कॅन, आणि तोसुद्धा सगळ्यात मोठा. मी आपली त्याला चिंधी बांधली. बोलले असते तर माझीच खैर नव्हती.

सगळ्यांचे रिकामे कॅन परत यायचे, अक्काचा येईना. रोज नवा जायचा, जुना काही खाली येईना. शाळेच्या बाई म्हणाल्या, “दारात नसतो हो, आत घेतात बहुतेक.” जाऊबाईंचा चेहरा पडला. “माझ्या हातचं पाणीसुद्धा नको झालंय तिला,” असं म्हणाल्या आणि दिवसभर सगळ्यांवर डाफरत राहिल्या. संध्याकाळी मात्र हळूच मला विचारलं, “अगं, मग ती पितेय तरी काय?”

मी तशीच समोरच्या इमारतीचा जिना चढले.

अक्काने दार उघडलं. चेहरा पार उतरलेला, एक हात पोटावर. आत भिंतीशी सगळे कॅन ओळीने उभे होते. पायाने ढकलत आत आणलेले, काठोकाठ भरलेले. आणि गॅसवर पातेल्यात नळाचं पाणी उकळत होतं. घरभर तोच वास.

“अहो अक्का, उकळून चालत नाही ते!”

“माहितेय गं. पण तहान लागते, काय करू?” तिने दोन्ही हात पुढे केले. बोटं सांध्यांत आखडून वाकडी झालेली. “झाकण निघत नाही. सांडशीनेसुद्धा पाहिलं. शेजारचे गावाला गेलेत. तुमची माणसं बेल वाजवून पळतात, मी दारापर्यंत येईस्तोवर जिना रिकामा.”

मी झाकण उघडायला गेले, तर माझ्याच्यानेही हलेना. खिडकीतून ओरडले, “जाऊबाई, पकड घेऊन वर या! आत्ताच्या आत्ता!”

त्या आल्या. धापा टाकत उंबऱ्यात थबकल्या. त्यांनी ते भरलेले कॅन पाहिले, गॅसवरचं पातेलं पाहिलं आणि बहिणीची बोटं पाहिली. खाली बसून त्यांनी पकडीने झाकण फिरवलं. कट्कन आवाज झाला.

“इतकं घट्ट कोण लावतं?” अक्काने विचारलं.

“मीच लावते. सगळ्यांचीच.”

“सगळ्यांची?” अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. “मला वाटलं, फक्त माझंच.”

“म्हणजे?”

“म्हणजे मुद्दाम. पाणी तर धाडलं, पण पिता येऊ नये असं.”

“ताई!” जाऊबाई किंचाळल्याच. “मी तुला तहानलेली ठेवेन? मी?”

“काय सांगू गं... इतक्या वर्षांत तुझं काहीच कळेनासं झालं होतं.”

यावर जाऊबाईंना रडू कोसळलं. पदर लावून वगैरे नाही, चांगल्या भोकाड पसरून रडल्या. रडता रडताच पेला विसळला, भरला आणि अक्काच्या ओठाला लावला, कारण तिला तो नीट धरवत नव्हता. अक्का घटाघटा प्यायली. मी रिक्षावाल्याला खिडकीतून हाक मारली, आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. जाऊबाई तिच्यासोबत तिथेच राहिल्या.

मी परत निघाले, तेव्हा कमरेला खोचलेली पकड माझ्या हातात देत म्हणाल्या, “उद्यापासून झाकणं तू लाव. आणि कुणाच्याही दारात कॅन ठेवून पळायचं नाही. आत जायचं, झाकण उघडून द्यायचं आणि माणूस एक घोट पाणी प्यायल्याशिवाय हलायचं नाही.”

“आणि गप्पा?” मी विचारलं.

“मारायच्या,” त्या म्हणाल्या.