सुमनकाकींच्या घरची चौदा माणसं

"एवढी मोठी टाकी कोणासाठी गो?" सुमनकाकींनी विचारलं तेव्हा माझ्या हातात लाल रंगाचा डबा होता. झरीजवळच्या राईतल्या अकरा झाडांवर फुल्या मारून झाल्या होत्या. बाराव्या झाडाला, एका सुरंगीला, ब्रश टेकवला होता. फुली म्हणजे झाड तोडायचं.

"गावाची लोकसंख्या वाढली आहे, काकी," मी ऑफिसच्या मराठीत सांगितलं. मी मूळची शिरोड्याची, घरी मालवणीच बोलते. पण गळ्यात आयकार्ड आल्यापासून माझी भाषा बदलली होती.

"वाढली? अगो, पोरां नायत म्हणान शाळा बंद पडली. वाढली खंय?"

शाळेचं कुलूप मी पाहिलं होतं. मे महिन्याची सुट्टी असेल, असं समजले होते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पर्यावरणशास्त्र शिकते. सुट्टीत एका कन्सल्टंटकडे सर्व्हे असिस्टंट म्हणून लागले. तळेऱ्याहून विजयदुर्गकडे जाताना आत वळलं की हे गाव लागतं. तिथे नळयोजना व्हायची होती. त्यासाठी आधी 'डिझाइन पॉप्युलेशन' काढतात, म्हणजे आजची माणसं मोजायची, पुढच्या तीस वर्षांची वाढ धरायची आणि तेवढ्यांना पुरेल अशी टाकी आखायची. मोजणी माझी होती. आकडा मोठा आला, म्हणून टाकी मोठी झाली. तेवढी सपाट जागा फक्त राईत होती.

रिपोर्टची प्रस्तावनाही मीच लिहिली होती. 'लोकसंख्येचा भस्मासुर निसर्ग गिळंकृत करत आहे.' हे वाक्य माझ्या दहावीच्या निबंधातलं. तेव्हा त्याला चांगले मार्क मिळाले होते.

मी फाइल उघडली. "तुमच्याच घरात चौदा माणसं आहेत ना?"

"आसत. थोरल्या झिलाची चार मुंबयत, धाकट्याची तीन पुण्याक, दिराची पाच ठाण्याक. हंय आमी दोगां."

माझं ऑफिसचं मराठी गळून पडलं. "मगे चवदा कित्याक सांगितलंस?"

"तू माणसां कितकी ता इचारलंस. खंय आसत ता इचारूक नाय. मुंबयत गेली म्हणान काय घरातली नाय?"

हे मला कळायला हवं होतं. माझा भाऊ गोव्यात बोटीवर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. तरी आई सगळ्यांना "आमी पाच जणां" असंच सांगते.

ऑफिसातल्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला.

"सर, आकडा चुकलाय. निम्मी माणसं तरी गावात राहतच नसावीत."

साहेबांनी विचारलं, "सर्व्हेअर म्हणून सही कोणाची?"

"माझी."

"सोमवारी झाडं तोडायला माणसं येतायत."

"म्हणूनच फोन केला, सर."

हे मी धीटपणे म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी रडत होते.

"रडू नकोस. मोज. रविवारपर्यंत वेळ आहे."

कसं मोजायचं ते काकींनीच सांगितलं. "माणसां इचारू नको. आज भात कितक्यांचो टाकलास, ता इचार."

दोन दिवस प्रत्येक दारात मी तेवढंच विचारलं. बंद घरांपुढे शून्य लिहिलं. पहिल्या वेळी त्यांचे आकडे शेजाऱ्यांनी मोठ्या आनंदाने दिले होते आणि मी तितक्याच आनंदाने लिहून घेतले होते. मध्येच मला शंका आली, चतुर्थीला सगळी आली तर पाणी पुरेल का?

"चार दिसांसाठी राई तोडतंस?" काकी म्हणाल्या. "येतीत ती झरीवरसून हांडे भरतीत. मोडाची नाय कंबर."

आकडा निम्म्याहून खाली आला. टाकी लहान झाली आणि बंद शाळेच्या मैदानात मावली. सोमवारी झाडं तोडायला कोणी आलं नाही.

माणसं वाढली की झाडं जातात, असं वर्गात शिकले होते. ते खरंही असेल. पण इथे माणसं कमी झाली होती. झाडं जाणार होती ती मी कागदावर वसवलेल्या माणसांसाठी.

साहेबांनी माझी प्रस्तावना पूर्ण खोडली आणि समासात लिहिलं, 'भस्मासुर जागेवर आढळला नाही.' सर्टिफिकेटवर 'समाधानकारक' असा शेरा मिळाला. माझ्या मते तो जरा जास्तच होता.

तेव्हापासून प्रस्तावना मी सगळ्यात शेवटी लिहिते.