फाटकापलीकडची हॉटेलं

हल्ली संध्याकाळच्या बसमध्ये डोळा लागू लागला की मी एक रस्ता चालायला लागते. अकोल्याचा, रेल्वे फाटकाच्या पलीकडचा. स्वप्न म्हणावं इतकं त्यात काही घडत नाही. मी चालते, एकेक हॉटेल मागे पडतं, आणि साधारण उडप्याच्या हॉटेलाच्या पायरीशी पोचले की माझा थांबा येतो.

आमची वस्ती तेव्हा कुणी गावात धरत नसे. फाटक ओलांडलं की शहर संपलं. पुढे कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या लांब भिंती, सरकीचे ढीग, नव्या प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या चार-दोन चाळी आणि मधून हा रस्ता. कापसाचा हंगाम लागला की जिनांतून तंतू उडत. उन्हं कलली की सगळा रस्ता दुधात बुडवून काढल्यासारखा दिसे. तारांवर, बैलांच्या शिंगांवर, भज्यांच्या परातीवर कापूस येऊन बसे. लोक फुंकर मारत आणि खात. त्या धुरकट पांढऱ्यात माणसं लांबून तरंगत आल्यासारखी येत आणि जवळ आल्यावर त्यांना पाय फुटत.

फाटकाला लागूनच भज्यांचा ठेला होता. कापसाच्या गाड्या जिनाच्या दारात रांगेनं उभ्या राहत, गाडीवान बैल सोडून तिथे बसत. मिरची भजी, आणि गिला वडा. उडदाचा वडा दह्यात बुडवून वर लाल चटणी. गाडीवान तो द्रोणातून पिऊन टाकल्यासारखा खात.

पुढे सिंधी जोडप्याचं दुकान. फाळणीनंतर ती दोघं इकडे आलेली. नवरा गल्ल्याशी बसे आणि बायको डोक्यावरून ओढणी घेऊन कढईशी. सकाळी पक्वान मिळे, म्हणजे मैद्याची कडक, फुगलेली पुरी, आणि तिच्यावर घालायला हरभऱ्याची दाट डाळ. बाईमाणसाला दुकानात गिऱ्हाईक सांभाळताना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. ती गिऱ्हाइकांना ओरडे आणि गिऱ्हाईक ऐकून घेत.

मग चाचांचं हॉटेल. सगळे त्यांना चाचाच म्हणत. मागे भट्टी होती. त्यातून निघालेली नान, खिमा, आणि दिवसभर उकळत राहिलेला, तपकिरी झालेला चहा. रेडिओ कधी बंद नसे, पण त्यातून बहुतेक खरखरच ऐकू येई. चाचा माझ्या वडिलांना "आओ बाबूजी" म्हणत. वडील बांधकाम खात्यात कारकून होते. त्यांना बाबूजी म्हणणारा रस्त्यावरचा तो पहिला माणूस असावा.

चाचांच्या समोर मारवाडी बासा, म्हणजे खानावळ. पेढ्यांवरचे मुनीम आणि एकटे राहणारे नोकरदार तिथे जेवायला येत. ओळीनं पाट मांडलेले, तुपात भिजलेले फुलके, डाळीला हिंगाची फोडणी. हे मी ऐकून सांगते आहे, कारण तिथे शिरताना आडनाव विचारत. बाबा त्या दारापुढून जरा झपाझप चालत. मी वास घेत रेंगाळले की म्हणत, "चाल पोट्टी, आपल्या घरी बी फुलके होतात." आमच्या घरी भाकरी होत.

आणि शेवटी उडप्याचं. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसा, कॉफीचा वास, आणि डाव्या हाताला हिरव्या पडद्याची खोली. दारावर पाटी होती, 'फॅमिली'.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्यानंतर बाबांनी हॉटेलात बसायला सुरुवात केली. चहासाठी नव्हे, बसण्यासाठी. त्यांची पद्धत ठरलेली होती. पगार झाला की येणाऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, माझं बोट धरायचं आणि एका हॉटेलात शिरायचं. दाराजवळचं बाकडं घ्यायचं नाही, कोपरा घ्यायचा नाही. मधलं टेबल रिकामं नसेल तर ते होईपर्यंत उभं राहायचं. मग चहा सांगायचा आणि तो अगदी सावकाश प्यायचा. मला आलूबोंडा मिळे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. पाय जमिनीला टेकत नसत. आरशात मी आणि बाबा दिसत, आमच्या मागे रस्ता, रस्त्यावर तरंगणारा कापूस. मला वाटे, आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि कुणी आपल्याला हाक मारली तर ती उशिरा ऐकू येईल.

माय मात्र कधी आली नाही.

"चाल ना एक दिवस," बाबा म्हणत.

"मले काय करायचं तिथं?"

"चा प्यायचा."

"चा घरी हाय."

"बसून प्यायचा."

"मंग घरी का मी उभ्यानं पिऊन राहिली?"

बाबा शर्टाची घडी नीट करत.

मायचं माहेर बार्शीटाकळीचं. बाजाराच्या दिवशी ती तिच्या वडिलांबरोबर जाई. तिथल्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात आमच्या लोकांचे कप. आपण काढायचा, आपण धुवायचा, लांब धरायचा. आतला माणूस वरून चहा ओते. बाहेर उकिडवं बसून प्यायचा आणि पुन्हा धुवून कोनाड्यात उपडा ठेवायचा. हे तिनं मला भाकरी थापताना सांगितलं होतं, बाजारात वांगी कशी होती ते सांगावं तसं. मी विचारलं, "चा कसा असे?"

"चा चांगला असे," माय म्हणाली. "कप धुवाले पाणी नसे. मातीनं घासा लागे."

मग बाबांची बदली निघाली. चांदूर रेल्वेला. घरात पोती आणि दोऱ्या आल्या, भांडी बांधली जाऊ लागली. बाबांनी सगळं शांतपणे घेतलं, फक्त एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. हा रस्ता सोडायच्या आधी मायनं एकदा आत बसावं. एकदाच. ते आता तिला चाल म्हणेनात, पण येता-जाता बोलत.

"उडप्यानं नवीन पंखा बसवला म्हणे."

"बसवू द्या."

"डोसा बी सुरू केला."

"तो काय असते?"

बाबा जरा पुढे सरकले. "धिरड्यासारखा. एवढा मोठा. आतमंदी आलूची भाजी."

"धिरड्यात भाजी," माय म्हणाली. "अन् लोक पैसे देतात." पण ती ते दोनदा म्हणाली आणि दुसऱ्यांदा जरा थांबून म्हणाली.

रविवारी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. कारण दिलं की चूल बांधून ठेवली आहे, पेटवायची कशी. चूल मातीची होती आणि कोपऱ्यातच होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

आम्ही तिघं तो रस्ता चाललो. हंगाम जोरात होता, कापूस इतका उडत होता की मायच्या पदरावर थर बसला. ठेल्यापाशी गाडीवानांचं हसणं, सिंधी बाईच्या कढईचा आवाज, चाचांच्या रेडिओची खरखर, सगळं कापडाआडून आल्यासारखं मऊ. चाचांनी लांबून हात वर केला. बाशाजवळ मायनं वास घेतला आणि म्हणाली, "हिंग जास्त झाला." बाबा त्या दारापुढून प्रथमच हसत गेले.

उडप्याच्या पायरीवर वेटर पुढे आला. बायको-मुलगी बरोबर पाहून त्यानं हिरवा पडदा उचलला. "फॅमिली इधर."

बाबा थबकले. त्यांची पद्धत मधल्या टेबलाची. पण बाईमाणूस बरोबर असलं की पडद्याआड, ही उडप्याची पद्धत, आणि ती सगळ्यांनाच होती. बाबांना ते माहीत होतं. तरी पडदा उचललेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते काही ठरवायच्या आत मायनं डोकावलं. अरुंद खोली, खिडकी नाही. आत एका वकिलाची बायको पदरानं वारा घेत बसली होती.

"ह्या कोन?" मायनं हळू विचारलं.

"वकीलसाहेबांच्या घरच्या."

"त्याइले काहून कोंडलं?"

"कोंडलं नाही. मोठ्या घरच्या बाया अशाच बसतात."

"मंग त्याइले बसू द्या," माय म्हणाली. "बाहेर बसवून झालं, आता आत दडवून ठेवता का मले?"

आणि ती सरळ जाऊन मधल्या टेबलाशी बसली. दाराकडे तोंड करून. वेटर पडदा हातात धरून तसाच उभा राहिला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं थोडी सरकून बसली, कारण हॉटेलात उघड्यावर बाई बसलेली त्यांना सवयीची नव्हती. त्यात जात कुणाच्या डोक्यात होती की नाही, मला सांगता येणार नाही. बाबांना मात्र वाटलं असावं, कारण त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

डोसा आला. मायनं तो चहूकडून पाहिला. "जळलं हाय एका बाजूनं." तरी कड मोडून खाल्ली. "भाजीत कांदा चांगला परतला," असा शेरा दिला. पंखा फिरत होता आणि तिच्या पदरावरचा कापूस एकेक तंतूनं उडून टेबलावर, चटणीत, बाबांच्या बाहीवर जाऊन पडत होता. बाबांनी स्वतःच्या बशीला हात लावला नव्हता. ते नुसते बघत होते. इतकं निवांत मी त्यांना पुन्हा क्वचित पाहिलं.

चहा आला. मायनं बशीत ओतून प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तिनं कपावर बशी उपडी ठेवली, दोन्ही उचललं, आणि उठून चालू लागली.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. ती गल्ल्यापर्यंत पोचली तेव्हा मालकानं मान वर केली. "बाई, कप किधर लेके जाता?"

सगळं हॉटेल वळलं. माय थांबली. तिनं हातातल्या कपाकडे पाहिलं.

"धुवाले," ती म्हणाली.

भिंतीशी एक म्हातारे, फेटा बांधलेले गृहस्थ बसले होते, आसपासच्या गावचेच असावेत. त्यांनी नजर आपल्या बशीत घातली. त्यांना कळलं होतं. बाबा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मालक मात्र दूरच्या मुलखातून आलेला. त्याला बार्शीटाकळीचा कोनाडा कुठून माहीत असणार. तो वैतागून म्हणाला, "धोनेवाला रखा है ना अंदर. आपको क्या पड़ा है? बैठो."

माय तिथेच उभी होती. बाबांचे कान लाल झाले होते. मला वाटलं ती आता पायरी उतरून निघून जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. तिनं कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. मग परत आली, कप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बसली.

"अजून एक चा सांगा," ती बाबांना म्हणाली.

वेटरनं दुसरा चहा आणला आणि जाताना तिचा पहिला कप उचलला. माय त्या कपाबरोबर नजरेनं आत गेली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तिथे एक मोठं पितळी घंगाळ होतं, त्यात पाणी, आणि पाण्यात हॉटेलभरचे कप. वेटरनं तिचा कप त्यात सोडला. तो बुडाला, जरा फिरला, बाकीच्यांना लागून थांबला. आतल्या माणसानं हात घालून पाच-सहा कप एकदम बाहेर काढले आणि फडक्यावर उपडे केले. त्यातला मायचा कोणता, हे मला सांगता आलं नसतं. तिलाही नसतं. तरी ती दुसरा चहा संपेपर्यंत तिकडेच पाहत राहिली.

पायरी उतरल्यावर बाबांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"धुतात घाण," माय म्हणाली. "पाणी बदलत नाहीत. सगळ्याइचे कप एकाच पाण्यात."

बाबा हसू लागले. रस्त्यात उभे राहून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि माय त्यांना म्हणाली, "हसाले काय झालं? मी खरं सांगून राहिली."

उरलेल्या दिवसांत तिनं सिंधी बाईचं पक्वान खाल्लं (डाळ बरी, पुरी वातड), ठेल्यावरचा गिला वडा खाल्ला (दही आंबट) आणि चाचांकडून नान बांधून आणवली. तिला ती आवडली, पण तसं तिनं म्हटलं नाही. आणखी मागितली.

मग आम्ही गेलो. चांदूर रेल्वेला उतरलो तेव्हा ऊन होतं. स्टेशनाबाहेर एकच हॉटेल दिसत होतं, पत्र्याचं, पुढे दोन बाकडी टाकलेली. हमालानं ट्रंका खाली ठेवल्या. बाबा बैलगाडी बघायला निघाले.

"गाडी मंग पाहा," माय म्हणाली. पदराचं टोक कमरेला खोचून ती त्या हॉटेलाकडे निघाली होती. "आधी पाहू द्या, आत बसाची सोय हाय का."