ओल्या बॉनेटवरची चमक

ती गाडी मी खराब केली. सुनीलनं नाही. एवढंसं वाक्य, पण ते मी इतकी वर्षं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बायकोपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, तर जरा मागून सांगू द्या.

आडगाव नाक्याजवळ माझं आणि सुनीलचं गॅरेज आहे. डेंटिंग, पेंटिंग, पॉलिश. सुनील मूळचा सटाण्याचा. गाळा घेताना मी कचरत होतो, तेव्हा तो म्हणाला होता, ‘तू शे ना, मंग बस.’ तू आहेस ना, मग झालं. त्याची अहिराणी अशीच, जिव्हाळ्याच्या वेळी बाहेर येते.

एका दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्यानं, नवीकोरी मरून रंगाची गाडी आणली. बॉनेटवर कुणीतरी किल्लीनं लांब ओरखडा ओढला होता. आमच्या कामात आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवतात. नख सरकलं तर पाणी सोडत बारीक सँडपेपरनं घासायचं आणि पॉलिश करायचं. नख अडलं तर पेपरला हात लावायचा नाही, नवा रंगच मारायचा. सुनीलनं नख फिरवलं. अडलं. याला पेपर नको, दसरा झाल्यावर रंग मारू, असं मला सांगून तो जुना कॉम्प्रेसर बघायला मालेगावला गेला.

मग दाजींचा फोन आला, मला. पूजेला गाडी दारात हवी होती. मी म्हणालो, होऊन जाईल. का म्हणालो? हाताची घमेंड — दुसरं काय?

ओरखडा बॉनेटच्या उंच धारेवरून गेला होता, आणि धारेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो. मी घासत राहिलो. पेपरखालून दुधाळ पाणी येत होतं — वरच्या पारदर्शक थराचं. तिथवर ठीक होतं. मग त्या पाण्यात मरून रंग उतरला. तेव्हाच हात थांबला... नाही, थांबला नाही. अजून थोडा फिरला. ओल्या पत्र्यावर काही दिसत नाही हो, सगळं आरशासारखं वाटतं. फडक्यानं कोरडं केल्यावर धारेवर मेलेला पट्टा दिसला. त्यावर मी वॅक्स चोपडलं. पुन्हा चमक आली. गाडी दिली. सुनीलला मात्र सांगितलं — दाजी थांबले नाहीत, गाडी तशीच घेऊन गेले.

उन्हाळ्यात त्या पट्ट्याची सालपटं निघाली. दाजी आले तेव्हा सुनील बाहेर होता आणि शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. हे काम कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘सुनीलनं.’

इथवरही मी भित्रा होतो, असं म्हणून सुटलो असतो. पण त्याच संध्याकाळी सुनील पंचवटीत अक्काकडे गेला आणि भांडून आला. दाजी म्हणाले होते, मेव्हण्यानं नव्या गाडीचं भंगार केलं, आणि हे तुझाच पार्टनर सांगतो. सुनीलनं मला विचारलं, अगदी शांतपणे, ‘तू माझं नाव घेतलंस का रे?’

‘मी कशाला घेईन?’ मी म्हणालो.

त्यानं लगेच विश्वास ठेवला. इतका लगेच, की मला ते आजही सहन होत नाही. दाजी खोटं बोलले असं त्यानं ठरवलं, आणि मी वर त्याची समजूत काढत राहिलो — नातेवाइकांची गाडी घेऊच नये. भाऊबीज बंद झाली. दरवर्षी त्या दिवशी तो गॅरेज उघडून बसायचा, आणि मीही येऊन सोबत बसायचो. सोबत! काय म्हणावं मला?

यंदा भाचीचं लग्न ठरलं. तिच्या पाठीमागे मामा म्हणून उभं राहायला दाजींनी अक्काच्या एका चुलतभावाला सांगितलं. सुनील एका दरवाजावर पेपर मारत होता. मान वर न करता म्हणाला, ‘एका खोट्यापायी दाजीनं मला पोरीच्या लग्नातून काढलं बघ, मधू.’

तेव्हा मी सांगितलं. सगळं.

त्यानं पाण्याचा नळ बंद केला. दरवाजा वाळेपर्यंत त्याकडे बघत राहिला.

‘म्हणजे दाजी खरं बोलत होते,’ तो म्हणाला. ‘आणि मी त्यांना खोटारडा म्हटलं. त्यांच्या पोरांदेखत.’

त्यानं फडकं घडी करून ठेवलं आणि गेला.

मी पंचवटीत गेलो. दार अक्कानं उघडलं. दाजी आत पत्रिकांवर नावं घालत होते. बसा म्हणाले, मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो —

‘अक्का, दाजी, त्या दिवशी सुनील मालेगावला होता. पेपर लावू नको, हे तो मला बजावून गेला होता. बॉनेट मी घासलं, नाव त्याचं सांगितलं, आणि त्याच्यापुढे तुम्हाला खोटं ठरवलं. मी तुम्हा तिघांचा अपराधी आहे.’